पुन्हा मलाच उघडलं!

मित्रांनो, मी एक जुना कार्बुरेटर आहे, आणि पुढचं काही सांगण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो: माझ्यात काहीही बिघाड नाही. तेव्हाही नव्हता. हे मी त्याच वेळी ओरडून सांगितलं असतं, पण मला तोंड आहे ते फक्त हवा ओढायला. त्यामुळे सगळं मुकाट्याने सोसलं. आज सांगतो, ऐका.

कार्बुरेटर म्हणजे काय, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. हल्लीच्या गाड्यांत आमची जात फारशी उरलेली नाही. जुन्या स्कूटरच्या पोटात, इंजिनाला चिकटून, मुठीएवढा धातूचा ठोकळा असतो, तो मी. वरच्या टाकीतून पेट्रोल माझ्याकडे उतरतं, बाहेरून हवा येते, आणि दोन्ही नीट मापात कालवून मी इंजिनाला भरवतो. पेट्रोल कमी पडलं तर इंजिन तापतं आणि रुसतं. जास्त झालं तर काळा धूर ओकतं. थोडक्यात, घरात सगळ्यांना वाढणाऱ्या बाईसारखं माझं आहे. वरून शिधाच आला नाही, तरी पोट भरलं नाही म्हणून बोल तिलाच!

माझा जन्म एका कारखान्यात झाला. वितळलेला धातू साच्यात ओतला, थंड झाल्यावर मला बाहेर काढलं, घासलं, आणि माझ्या अंगात बारीक बारीक भोकं पाडली. एका बाईने मला दिव्यासमोर धरून प्रत्येक भोकातून पाहिलं, फडक्याने पुसलं आणि पेटीत ठेवलं. तपासणं म्हणजे एवढंच असतं, असं मला तेव्हा वाटलं होतं. किती भोळा होतो मी!

पिस्ता रंगाच्या एका नव्या स्कूटरमध्ये मला बसवलं. ती स्कूटर बाबांनी घेतली. बाबा शाळाशाळांतून नकाशे विकायचे. मागच्या सीटवर नकाशांच्या लांब गुंडाळ्या आडव्या बांधलेल्या असायच्या आणि वळणावर समोरचे लोक पटकन बाजूला सरायचे. बाबा सकाळी एक किक मारायचे आणि आम्ही निघायचो. चढ असो, धूळ असो, मी कधी घास चुकवला नाही. बाबा टाकीवर थाप मारून म्हणायचे, "शहाणी आहे माझी गाडी." त्यात मीही आलोच, असं मी धरून चालत असे.

मग बाबांचे गुडघे गेले. घराच्या बाजूच्या बोळात स्कूटर भिंतीला टेकली ती टेकलीच. माझ्यात उरलेलं पेट्रोल सुकून त्याचा चिकट थर झाला. कोणी विचारपूस केली नाही. नाही म्हणायला, बाबांच्या लेकीने, म्हणजे ताईने, स्कूटरवर एक जाड गवसणी शिवून घातली.

आता ही ताई म्हणजे काय प्रकरण आहे ते सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं तिथूनच सुरू होतं. ताई पडदे, उशांचे अभ्रे आणि गवसण्या शिवते. हात असा, की शिवण उलटून पाहिली तरी सुलट बाजू कुठली ते कळू नये. पण तिला उघडं काही बघवत नाही. मिक्सरला गवसणी, पंख्याच्या रेग्युलेटरला गवसणी, टीव्हीच्या रिमोटला गवसणी. त्या रिमोटच्या गवसणीला आतून दुसरी गवसणी आहे, बाहेरची खराब होऊ नये म्हणून. बाबा खिडकीपाशी खुर्चीत बसतात. ती खिडकी आमच्या बोळाकडे उघडते. म्हणजे, उघडली तर उघडते. बाबा म्हणतात, "खिडकी उघड ग." ताई म्हणते, "वारं लागेल, बाबा," आणि पडदा नीट ओढून घेते.

माया आहे हो, मी नाही म्हणत नाही. पण गुदमरायला होतं.

ताईचा धाकटा भाऊ चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो. म्हणून घरात त्याचं नाव भिंग्या. एके दिवशी त्याच्या डोक्यात आलं, की बाबांची स्कूटर पुन्हा उभी करायची. नुसती उभी नाही, ट्यून करायची! त्याने मोठा सिलिंडर आणला, रुंद गळ्याचा सायलेन्सर आणला, इंजिनाच्या आतल्या वाटा घासून मोठ्या केल्या. माझ्यातला तो चिकट थर धुऊन काढला आणि जुनं जेट काढून मोठ्या भोकाचं बसवलं. जेट म्हणजे पितळेचा छोटासा स्क्रू. त्याच्या भोकातून किती पेट्रोल जायचं ते ठरतं. खरं सांगतो, हे सगळं पोराने मन लावून केलं. पहिल्या किकला आम्ही असे गर्जलो, की वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खाली वाकून विचारलं, "काय पडलं?" लोक थांबून बघायचे. "वा, क्लासिक!" म्हणायचे. बाबा खिडकीच्या काचेमागून हसायचे. वाटलं, आता सुखाचे दिवस.

मग ताईला टेकडीवरच्या वसतिगृहाचं मोठं काम मिळालं. खिडक्याच खिडक्या, आणि सगळ्यांना पडदे. शिवून होतील तसे गठ्ठे पोचवायचे. ताई स्कूटरवर सराईत आहे, तिला बाबांनीच शिकवलेली. पहिला गठ्ठा गेला, काही अडचण आली नाही. पण वसतिगृहाच्या बाईंनी पडद्याला नाक लावलं आणि म्हणाल्या, "ह्याला पेट्रोलचा वास येतोय."

ताईच्या कामाला कुणी नाव ठेवलेलं तिला सोसत नाही. घरी येऊन तिने सीट उचलली. सीटच्या खाली टाकीचं झाकण असतं. त्या झाकणाला मधोमध एक बारीक भोक असतं. ट्यून केलेलं इंजिन थरथरतं फार, त्यामुळे त्या भोकातून पेट्रोल जरासं पाझरत होतं. ताईने ते बोटाने पुसलं, वास घेतला, नाक मुरडलं आणि मशीनवर जाऊन बसली.

तुम्ही ओळखलं असेल. तिने झाकणाला गवसणी शिवली. आतून दाबलेल्या लोकरीचा दुहेरी नमदा, बाहेरून रेक्झिन, कडेला घट्ट इलॅस्टिक. वर शोभेला पायपिंग! सीटखाली, जिथे कुणाची दृष्टी पडणार नाही, तिथे पायपिंग!

"भिंग्या, टाकीला टोपी केलीय. पेट्रोल भरलंस की आठवणीने परत घालायची."

"घालीन ग."

"घालीन ग म्हणतोस आणि विसरतोस."

"ताई, घालीन!"

मित्रांनो, ते भोक तिथे उगाच नसतं. टाकीतून पेट्रोल खाली जायचं, तर त्याच्या जागी वरून हवा आत यायला हवी. हवा आली नाही तर पेट्रोल वरच अडून बसतं. सपाट रस्त्यावर, हळू चालवताना, गवसणीच्या कडेने जी काही चोरटी हवा शिरते तिच्यावर भागतं. पण टेकडीचा चढ, मागे पडद्यांचा गठ्ठा, सीटवर ताई, आणि सीटच्या दाबाने झाकणावर गच्च बसलेली ती टोपी! त्यात आमचं ट्यून केलेलं इंजिन खादाड. निम्म्या चढावर माझी वाटी, म्हणजे माझ्यात पेट्रोल साठतं ती जागा, रिकामी व्हायची. मी वरच्या नळीकडे आ वासून बघत राहायचो. इंजिन तापायचं, धाप टाकायचं आणि बंद पडायचं.

आणि मग? मग मला उघडायचं!

पहिल्यांदा भिंग्याने मला काढलं तेव्हा मला वाईट वाटलं नाही. म्हटलं, तपासू दे. त्याने सीट वर केली, टोपी काढून हँडलला अडकवली, टाकीत पेट्रोल आहे का पाहिलं, आणि माझे स्क्रू सोडवले. जेट काढून डोळ्याला भिंग लावून उजेडात धरलं. तोंडाने फुंकलं. तोंड कडू झालं म्हणून थुंकला. परत जोडलं, तिथेच बोळात किक मारली, आणि अर्थातच इंजिन झकास चाललं. झाकण उघडं, टोपी हँडलवर! न चालायला काय झालं?

"बघ, जेटमध्ये कचरा होता," तो म्हणाला.

कचरा नव्हता. माझ्यात कधीच कचरा नव्हता.

मग ताईने टोपी आठवणीने परत घातली, आणि पुढच्या फेरीला आम्ही पुन्हा त्याच वळणावर बंद पडलो.

दुसऱ्यांदा त्याने आणखी मोठं जेट बसवलं. आता सपाटीवर इतकं पेट्रोल जायला लागलं, की काळा धूर निघाला आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंनी वाळत घातलेले कपडे आत घेतले. प्लग काढून पाहिला तर काजळी. प्लग म्हणजे इंजिनाची जीभ. ती पाहून पोटातलं कळतं, हे भिंग्याला माहीत होतं. जेट काढून पुन्हा आधीचं बसवलं. मग माझा फ्लोट काढला. वाटीतल्या पेट्रोलवर तरंगणारा तो छोटा डबा. कानाशी धरून हलवला. गरम पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का पाहिले. एकही आला नाही. मग वाटीत पेट्रोल सोडणारी माझी सुई पाहिली. मग सांध्यातलं गॅस्केट बदललं. मग सुई पुन्हा पाहिली. प्रत्येक वेळी तेच: सीट वर, टोपी हँडलवर, आणि भिंग माझ्यावर. ती टोपी त्याच्या नाकासमोर लोंबकळत असायची. कधीकधी वाऱ्याने हलून त्याच्या गालाला लागायची. तो तिला हाताने बाजूला सारायचा आणि माझ्यात डोकं घालायचा.

मला सांगा, मी करायचं तरी काय?

खिडकीच्या काचेमागून बाबा म्हणायचे, "चोक ओढून बघा." चोक म्हणजे थंड इंजिन सुरू करताना माझी हवा कमी करणारी कळ; बाबांचा सगळ्या रोगांवर तोच उपाय. आणि लगेच, "खिडकी उघड ग, काही ऐकू येत नाही."

"वारं आहे, बाबा."

भिंग्याचा एक मित्र होता, त्याचं नाव सायलेन्सर. कारण तो कधी गप्प बसत नसे. तो येऊन माझ्याकडे न बघताच म्हणाला, "जुना झालाय हा. म्हातारा. ह्यात किती वेळ घालवणार? नवा टाक."

म्हातारा! माझ्या वयाएवढी त्याला अक्कल असती तर बरं झालं असतं.

तो बोलून थांबला नाही, खरोखरच नवा कार्बुरेटर घेऊन आला. चकचकीत, माझ्याहून मोठा, खोक्यात कापसावर निजलेला. ते खोकं बोळातल्या फळीवर, बरोबर माझ्यासमोर ठेवलं. भिंग्या ते दिवसातून दोनदा उघडून बघायचा.

ताईला ते आवडलं नाही. "बाबांची गाडी आहे. तुझ्या त्या ट्यूनिंगआधी बरी चालायची."

"म्हणजे माझी चूक?"

"मी तसं म्हटलं?"

"मग कसं म्हटलंस? आणि तू चालवतेस कशी ते बघ आधी. चढावर पहिला गिअर टाकतेस का?"

"तुझ्या जन्माआधीपासून टाकतेय!"

मग दोघं बोलेनासे झाले. ताई मशीन इतक्या जोरात चालवायची, की फळीवरचं खोकं थरथरायचं. शेवटचा गठ्ठा राहिला होता. तेव्हा भिंग्यानेच तोंड उघडलं. "शेवटची फेरी मी तुझ्याबरोबर येतो. मी चालवतो, तू मागे बस. बंद पडली नाही तर हा जुनाच राहील. पडली तर आल्याबरोबर हा काढायचा आणि भंगारात द्यायचा. कबूल?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. म्हणजे स्कूटरकडे पाहिलं, पण मी माझ्याकडेच धरलं. "कबूल," ती म्हणाली, आणि जाता जाता सीट उचलून टोपी नीट बसली आहे ना, ते चाचपून पाहिलं.

माझा जीव टांगणीला लागला. जिची माझ्यावर माया, तीच स्वतःच्या हाताने माझा गळा आवळत होती, आणि कशाने, तर पायपिंग लावलेल्या टोपीने!

निघालो. सपाटीवर भिंग्या खूश. चढ लागला. मी ठरवलं होतं, वाटीतला थेंबन् थेंब पुरवून वापरायचा. पण कार्बुरेटरच्या ठरवण्याला कोण विचारतो? भिंग्याने मूठ पिळली, इंजिनाने हपापून सगळं ओढून घेतलं. ओळखीचं वळण आलं. वाटीचा तळ दिसायला लागला. एक आचका, दुसरा आचका, आणि शांतता.

मागून एका टेम्पोने हॉर्न वाजवला. भिंग्याने गाडी कडेला घेतली आणि हेल्मेट काढलं. चेहरा असा, की जिंकल्याचा आनंदही नाही आणि हरल्याचं दुःखही नाही. "बघितलंस?" तो म्हणाला, आणि खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला.

"इथे रस्त्यात उघडू नकोस त्याला."

"वर तर जायचंय ना? तू टाकीत पेट्रोल आहे का बघ."

गठ्ठा दगडावर ठेवून ताईने सीट उचलली. टोपी काढली. झाकण फिरवलं. आणि झाकण सुटता सुटता आवाज आला: सूऽऽऽ.

इतके दिवस हा आवाज टाकीत अडकून होता, मित्रांनो. पण घरी पोचेपर्यंत चोरटी हवा आत शिरलेली असायची, आणि चढावर एकट्या ताईने सीट कधी उघडली नव्हती. ती तिथे नुसती हात कमरेवर ठेवून, इंजिन निवण्याची वाट बघत उभी राहायची.

ताईने झाकण लावलं. पुन्हा उघडलं. आता आवाज नाही.

"भिंग्या, हे काय वाजलं?"

"काही नाही ग, हवा."

"कुठे गेली हवा?"

"आत." त्याने माझा एक स्क्रू सैल केला.

"मग इतका वेळ बाहेर का होती?"

स्क्रूड्रायव्हर थांबला. भिंग्या उठला. तिच्या हातातून झाकण घेतलं, उजेडात धरलं. सवयीने खिशातलं भिंगही काढलं. झाकणाचं भोक स्वच्छ होतं, त्यातून आभाळ दिसत होतं. मग त्याने ताईच्या दुसऱ्या हातातल्या टोपीकडे पाहिलं. ताईनेही पाहिलं. टोपीच्या आतला नमदा तेल पिऊन काळा झाला होता आणि त्यावर झाकणाचा गोल ठसा उमटला होता, मधल्या भोकासकट.

"बाबा तेलाच्या डब्याला दोन भोकं पाडायचे," ताई हळूच म्हणाली. "एक तेलाला, एक हवेला. मीच डबा धरायची."

भिंग्या हसायला लागला. आधी नाकातून, मग पोट धरून. पडद्यांच्या गठ्ठ्यावरच बसला.

"ऊठ तिथून, चुरगळतील! हसतोस काय? मी शिवली, माझं चुकलं. पण तू रोज ती काढून हँडलला लावत होतास! तुला दिसली नाही?"

"मी कार्बुरेटर तपासत होतो ना, ताई."

ह्या वाक्यावर मी काय बोलू? तुम्हीच सांगा.

त्याने माझा सैल केलेला स्क्रू परत आवळला. जरा जास्तच आवळला, पण ते मी मनाला लावून घेतलं नाही. ताईने टोपी पर्समध्ये टाकली. एक किक, आणि आम्ही ती टेकडी अशी चढलो, की वरच्या वळणावर मघाचा टेम्पो मागे पडला. ताई मागून ओरडली, "हळू, अरे, हळू!" पण आवाजात हसू होतं.

वसतिगृहाच्या बाईंनी पडद्याला नाक लावलं. "थोडा येतोय वास," म्हणाल्या.

"उन्हात टाका, जाईल," ताई म्हणाली. ताई असं म्हणाली! मी स्वतः ऐकलं.

घरी आल्यावर भिंग्याने बाबांना सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, "मी म्हणत होतो, चोक ओढा." ताई बाबांच्या खिडकीपाशी गेली, पडदा बाजूला सारला. मग एक झडप उघडली. बाबांना शाल आणून दिली आणि दुसरीही उघडली.

तुम्हाला वाटेल, आता तिने गवसण्या शिवणं सोडलं असेल. छे! दुसऱ्याच दिवशी टाकीच्या झाकणाला नवी टोपी आली, पायपिंगसह. पण तिच्या मधोमध, पडद्याला लावतात तसली पितळी रिंग ठोकलेली आहे. बरोबर भोकावर. वास येतो थोडा. येऊ दे म्हणते. आणि नव्या कार्बुरेटरच्या खोक्यालाही गवसणी झाली आहे. तो फळीवर आत निजलेला असतो, बिचारा. मला आता त्याचा राग येत नाही.

तेव्हा मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. आपल्या वस्तूंची काळजी घ्या, झाका, पुसा, पण त्यांना श्वास घ्यायला कुठे जागा ठेवली आहे, ते आधी बघा. ज्याच्यावर माया असेल त्याचं तर दोनदा बघा. आणि काही बंद पडलं, तर जे उघडायला आपल्याला आवडतं तेच पहिल्यांदा उघडू नका.

हे मी सांगतोय खरं, पण काल दुपारी भिंग्या पुन्हा माझ्यासमोर येऊन बसला. गाडी उत्तम चालते आहे. कुणाची काही तक्रार नाही. त्याने भिंग डोळ्याला लावलं, स्क्रूड्रायव्हर हातात घेतला आणि म्हणाला, "एकदा नुसतं बघून घेतो."

उघड्या खिडकीतून बाबांचा आवाज आला, अगदी स्पष्ट:

"चाललंय ना त्याचं? मग हात काढ!"